मी आत आले कुठून?

स्क्रीनवर माझा खेळ सुरू झाल्याबरोबर वकीलबाईंनी मागे वळून पाहिलं. आजवर असं कुणी केलं नव्हतं. सगळे पुढे जातात. समोर लांब टेबल आहे, टेबलावर दिवा आहे, दिव्यापलीकडे अर्धवट उघडं दार आहे आणि त्या फटीतून पलीकडच्या खोलीचा निळसर तुकडा दिसतो. तो तुकडा नेमका तिथे दिसावा म्हणून मी किती दिवस घालवले ते माझं मला माहीत. नजर जाते तिथे पाय जातात, या हिशेबाने ती खोली केलेली. वकीलबाईंनी मात्र माउस गर्रकन फिरवला, मागची कोरी भिंत पाहिली, नवा चष्मा नाकावर नीट बसवला, परत पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, मी आत आले कुठून?" मी त्यांच्या मागे स्टुलावर बसले होते. मी काही बोलले नाही, कारण बोलायचं नसतं.  बसल्या जागी स्टूल इंचभर खचल्यासारखं वाटलं, आणि पुढचा तासभर त्या कुठल्या खोलीत गेल्या, कुठल्या कोड्यावर अडल्या, यातलं काही माझ्या लक्षात राहिलं नाही.

आमच्या धंद्यात खेळ तपासायची ही पद्धत आहे. ज्याने खेळ केला त्याने खेळणाऱ्याच्या मागे बसायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. खेळणारा चुकीच्या खोलीत शिरो, हातातली वस्तू विसरून जावो, डोळ्यांसमोरची कळ सोडून भिंती चाचपत बसो, आपण फक्त पाहायचं. उद्या खेळ लोकांच्या घरी गेल्यावर मी काही त्यांच्यामागे स्टूल टाकून बसणार नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण करताना जीव कासावीस होतो. ताईला तर हे अजिबात जमत नाही. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आम्ही दोघी इथे राहतो. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दिवसभर माणसांना विचारायचं, आता बरं दिसतंय की आधी बरं होतं, आणि समोरचा आठाला तीन म्हणाला तरी शांतपणे 'बरं, पुढचं' म्हणायचं. तिथे दाबून धरलेलं सगळं मग घरी बाहेर पडतं. खेळ तपासायला माणसं तीच दुकानातून पकडून आणते. नवा चष्मा लागलाय ना, चला आमच्याकडे, जरा खेळून बघा, म्हणजे नंबर बरोबर आहे की नाही तेही कळेल. माणूस येतो, बसतो, अडतो, आणि मागून ताई ओरडते, "अहो डावीकडे बघा की, डावीकडे!" झालं, ती तपासणी वाया गेली. म्हणून हल्ली तपासणीच्या वेळी मी तिला स्वयंपाकघरात पाठवते. तिथून तिचा चमचा कपात जास्तच जोरात फिरायला लागला की समजायचं, दाराआडून बघते आहे.

जाताना वकीलबाई बुटाची लेस बांधता बांधता म्हणाल्या, "छान आहे हो तुमचा खेळ. कुणी अंगावर येत नाही, कुणी मरत नाही, बरं वाटलं. पण माझा मुद्दा तसाच राहिला. दार नाही म्हणजे एक तर मी तिथेच जन्मले, नाहीतर मला कुणीतरी उचलून आणून ठेवलं. दोन्ही मला फारसं पसंत नाही." आणि हसल्या. ताई त्यांना खालपर्यंत सोडायला गेली. मी उंबऱ्यापर्यंत गेले. मी उंबऱ्यापर्यंतच जाते. परत आल्यावर ताई म्हणाली, "काय गं चिमणे, तोंड का असं पाडलंयस? आवडलं की त्यांना." मी म्हटलं, "घराला दार ठेवायचं राहिलंय." तिला वाटलं मी गंमत करते आहे. "इतकी वर्षं घर बांधतेयस आणि दारच नाही? एखादा गवंडी असता तर मी त्याला चपलेने मारला असता," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

मी खेळ उघडला आणि एकेक खोली फिरत गेले. आरशांची खोली, जिथे उन्हाची तिरीप एका आरशातून दुसऱ्यात पाठवत शेवटी कपाटाच्या कुलपावर पाडायची असते. पाण्याची खोली, जिथे हौदातली पातळी चढवली की तळातली खुर्ची तरंगत वर येते आणि तिच्यावर उभं राहून झरोक्यातली किल्ली काढता येते. पडद्यांची खोली माझी सगळ्यात लाडकी. तिथे खिडक्या ठरावीक क्रमाने उघडल्या की वारा पडद्यांतून फिरत जाऊन कोपऱ्यातली घंटा वाजवतो. माळा, तळघर, लांबच लांब व्हरांडा. एका खोलीतून दुसरीत जायला दारंच दारं आहेत, सरकती, दुमडती, बुटकी, एक तर गालिच्याखाली. पण घराबाहेर नेणारं एकही दार नाही. खिडक्यांच्या काचांतून उजेड येतो, तोही नुसता पांढरा. त्यापलीकडे मी काही काढलेलंच नव्हतं. खेळणारा खेळाच्या सुरुवातीला पहिल्या खोलीत उभा असतो, बस्स. आम्ही त्याला उचलून तिथे ठेवतो. प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहायची, अमुक जागी उभा कर. सगळेच असं करतात आणि कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. आणि आता त्या कोऱ्या भिंतीकडे बघताना हे विसरणं साधं नव्हतं हे मला कळत होतं. मी वस्तू विसरणारी बाई नाही. पाण्याच्या खोलीतल्या खुर्चीच्या चौथ्या पायाखाली रबराची टोपी नाही, ते मी मुद्दाम ठेवलंय. अशा माणसाच्या हातून घराचं दार राहून जात नाही.

याआधी मी खेळ करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत होते, आणि तिथे माझं काम पडण्याचं होतं. गोळी लागल्यावर, वार बसल्यावर, धक्का लागल्यावर माणूस कसा पडतो ते मी स्क्रीनवर हलवून दाखवायचे. आधी गुडघा जातो, मग हात टेकायला बघतो आणि चुकतो, मग खांदा, मग डोकं सगळ्यात शेवटी, आणि डोकं टेकल्यावर बोटं थोडी उघडतात. धावणारा वेगळा पडतो, म्हातारा वेगळा, पाठीवर ओझं असलेला वेगळा. मी त्यात हुशार होते. दुसऱ्या विभागातली माणसं माझ्या खुर्चीमागे उभी राहून म्हणायची, वा, काय पाडलाय! उठण्याचं काम दुसऱ्या टेबलावर होतं. तिथे एक अबोल माणूस बसायचा, जखमी माणूस पुन्हा कसा उभा राहतो ते तो करायचा, आणि मी त्याच्या टेबलापाशी कधी गेले नाही, कारण माझ्या कामाचा त्याच्याशी संबंध नव्हता. मग एके दिवशी रस्त्याने चालताना समोरून येणारी बाई मला पडताना दिसली. ती पडली नाही. ती फोनवर कुणावर तरी चिडत चालली होती. पण ती कशी पडेल ते मला दिसलं, डावा गुडघा, हातातली पिशवी, हनुवटी. तिच्यामागून येणारा माणूसही दिसला, त्याच्या खांद्यावरचं पोर दिसलं, आणि मी नजर वळवली तर जिथे वळवली तिथली माणसं. पुढे रोजच तसं व्हायला लागलं. गर्दीत गेलं की सगळा रस्ता माझ्या डोळ्यांसमोर आडवा व्हायचा.

बसथांब्यावर एक माणूस खरंच पडला. फळाच्या सालीवरून घसरला असेल, नाहीतर नुसतीच पायरी चुकली असेल. मी बघत होते तसाच पडला, आधी गुडघा, मग चुकलेला हात. आणि मग तो उठला. पँट झटकली, इकडेतिकडे बघून ओशाळं हसला, आणि आलेल्या बसमध्ये चढूनही गेला. मी मात्र तिथेच फुटपाथवर बसले. छातीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं, हवा आत येईना. एका अनोळखी मुलीने पाणी दिलं, तिला मी माझ्या फोनमधला ताईचा नंबर दाखवला. ताई रिक्षा करून आली, मला घरी आणलं, आणि काही दिवस राहते म्हणाली. काही दिवस. तिचा टूथब्रश आता माझ्या टूथब्रशपेक्षा जुना झाला आहे. मी नोकरी सोडली. घरी बसून स्वतःचा खेळ करीन म्हटलं, त्यात कुणी कुणाला मारणार नाही, कुणी पडणारसुद्धा नाही. माझ्या घरातल्या जिन्याच्या कडेला न दिसणारी भिंत आहे, खेळणाऱ्याने कितीही ठरवलं तरी तो तिथून खाली जाऊ शकत नाही. कामाला वेळ मिळावा म्हणून सामान घरपोच यायला लागलं. मग केस ताईच कापायला लागली. मग कचरा खाली नेऊन टाकायचं कामही तिने आपल्याकडे घेतलं. बाहेर जायचं नाही असं मी कधी ठरवलं नाही. जायचं कारणच एकेक करून संपत गेलं, आणि एकदा दाराच्या कडीला हात लावला तेव्हा मूठ पुन्हा छातीत आवळली गेली. त्यानंतर मी कडीला हात लावणं सोडलं.

हे सगळं मला माहीत होतं. वकीलबाईंनी काही नवं सांगितलं नाही. पण माहीत असलेली गोष्ट कुणीतरी मोठ्याने विचारली की ती घरात येऊन बसते, आणि नेमका त्याच आठवड्यात ताईचा फोन माझ्या कानावर पडला. ती बाल्कनीत होती, मालकांशी बोलत होती. दुकानाची दुसरी शाखा दुसऱ्या शहरात निघते आहे आणि ती सगळी ताईच्या हातात द्यायची असं मालकांच्या मनात आहे, एवढं मला नंतर जोडून कळलं. मी ऐकलं ते एवढंच, "हो, मोठी संधी आहे, कळतंय मला. पण नाही जमणार बहुतेक. घरी थोडं आहे." मग जरा थांबून, "हो, शुक्रवारी सांगते नक्की काय ते." घरी थोडं आहे. म्हणजे मी. ताप थोडा असतो, दुखणं थोडं असतं, पाहुणे जायचे थोडे राहिलेले असतात. मी इतकी वर्षं कुणाच्या तरी बोलण्यात 'थोडं' म्हणून राहत होते आणि मला पत्ता नव्हता. मी तिला विचारलं तर ती म्हणाली, "छे गं, मला नकोच आहे ते गाव. एवढ्या लांब कोण जाणार? आणि तिथली हवा म्हणे दमट, माझे केस बघ आधीच कसे झालेत." मी म्हटलं, "ताई, तू त्या दुकानाचे फोटो बघत होतीस काल. बोटांनी मोठे करकरून." ती म्हणाली, "काउंटर बघत होते. चुकीच्या बाजूला लावलाय. माणूस आत आला की आधी त्याला पाठ दिसते." आणि मग, तिला थांबता येत नाही म्हणून, "तो उजव्या भिंतीला घ्यायला हवा, आरसा समोर, तपासणीची खुर्ची आत, म्हणजे उजेड…"  तिचे हात अजून हवेत होते, काउंटर धरल्यासारखे. मग तिने ते खाली घेतले आणि टोमॅटो चिरायला लागली.

मी ताईची बहीण आहे तसंच तिचं न उघडणारं दार आहे, हे मला त्या टोमॅटोंकडे बघताना इतकं स्वच्छ दिसलं की मला तिचा राग आला. तिने चिडायला हवं होतं. तिने म्हणायला हवं होतं, तुझ्यापायी माझं आयुष्य अडलंय. ती तसं म्हणत नाही. मी अडले की ती धावत येते आणि उत्तर सांगून टाकते, सामान वर, कचरा खाली, केस कापून, डावीकडे बघ, डावीकडे. तिच्या मायेला दुसरं काही येतच नाही. आणि मी, जी परक्या माणसांना तासन्‌तास अडलेलं बघू शकते आणि त्यांना उत्तर सापडेपर्यंत गप्प राहू शकते, त्या मी स्वतःला मात्र एकदाही अडू दिलं नव्हतं. गुरुवारी सकाळी ताई दुकानात गेल्यावर मी ठरवलं, दार करायचं. खेळातलं. तेवढं तर माझ्या हातात होतं.

आतल्या बाजूने दार करणं सोपं गेलं. कोऱ्या भिंतीत चौकट बसवली, लाकडाचे पोत ठरवले, बिजागऱ्या, कडी, खालच्या फटीतून येणारा उजेड. मग कळलं की खरा घोळ पुढेच आहे. खेळणारा दारातून आत यायचा असेल तर खेळ बाहेर सुरू व्हायला हवा, आणि बाहेर म्हणजे काय ते मला करता येईना. रस्ता केला. रिकामा रस्ता इतका भयंकर दिसला की मीच खुर्ची मागे सरकवली. त्यात माणसं टाकली असती तर ती पडली असती. बाग केली, ती खोटी वाटली. मग वाटलं, कशाला हवा रस्ता, नुसता जिना पुरे. इमारतीचा साधा जिना, खेळणारा वर चढून येतो आणि समोर दार. जिना करायला बसले आणि पहिल्याच पायरीला अडले. आमच्या जिन्याचा कठडा कुठल्या बाजूला आहे ते मला आठवेना. तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो, म्हणजे तो जिना मी कितीदा चढले असेन. भिंतीचा रंग आठवेना. खिडकी आहे का, असली तर कुठे, समोरच्यांचं दार केवढं, आमच्या दारावर बाहेरून काय काय आहे, काही म्हणजे काही आठवेना. न पाहिलेलं तळघर मी काढलं होतं वीट न वीट, आणि स्वतःच्या दाराची बाहेरची बाजू माझ्याकडे नव्हतीच. मी ताईला फोन केला. "ताई, आपल्या जिन्याचा कठडा कुठल्या बाजूला आहे गं?" पलीकडे गिऱ्हाईक असावं, ती हळू आवाजात म्हणाली, "वर येताना की खाली जाताना?" मी म्हटलं, "वर येताना." ती म्हणाली, "उघडून बघ ना, दोन पावलं तर आहेत," आणि लगेच घाईघाईने, "नको नको, राहू दे, मी संध्याकाळी फोटो काढून आणते. सगळे मजले काढते." तो 'नको नको' मला झोंबला. "फोटो नकोत," मी म्हटलं, आणि फोन ठेवून दिला, टेबलावर, कीबोर्डशेजारी.

दारापर्यंत गेले ते रागातच गेले. कडी गार होती. मूठ छातीत यायला लागली तशी मी तिला म्हटलं, थांब जरा, मला फक्त कठडा बघायचा आहे. हे मी खरंच मोठ्याने म्हटलं. दार उघडलं. बाहेरचा वास आधी आला, फिनेलचा आणि कुणाच्या तरी कांदा परतण्याचा, आणि त्यात थोडा ओल्या सिमेंटचा. एक पाऊल टाकलं. चौकटीवर हात ठेवून वाकून बघितलं तर कठडा दिसेना, भिंतीचा कोपरा आड येत होता. म्हणून दुसरं पाऊल. कठडा वर येताना उजवीकडे होता, लोखंडी, त्याचा हिरवा रंग हात लागून लागून मधे उडालेला. खिडकी होती, अर्ध्या जिन्यावर, तिच्या एका काचेच्या जागी पुठ्ठा लावलेला. मी पुठ्ठा बघत राहिले. आणि मग वळून आमचं दार पाहिलं. ते तपकिरी नव्हतं. इतकी वर्षं मी ते तपकिरी समजत होते, कारण आतून ते तपकिरी आहे. बाहेरून राखाडी होतं, खालच्या बाजूला पावलांनी ढकलल्याचे काळे डाग होते, ताईचे, दोन्ही हातांत पिशव्या असल्यावर ती पायाने ढकलते तेव्हाचे. कितीतरी डाग. मी ते बघायला खाली वाकले आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून वारा आला, आतले पडदे फडफडलेले मला ऐकू आले, आणि दार माझ्या तोंडावर बंद झालं.

आमच्या दाराचं कुलूप आपोआप लागतं. किल्ली आत, फोन आत, पायांत घरातल्या सपाता. माझ्या खेळात हे होऊच शकत नाही. खेळणाऱ्याच्या मागे कुठलंही दार असं लागता कामा नये की त्याला परत वळता येणार नाही, हा माझा पहिला नियम आहे, मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवलेला आहे, भिंत दाराच्या आत आहे. मी दार ढकललं, मग उगीच बेलही वाजवली, रिकाम्या घरात ती वाजलेली ऐकली. समोरच्यांच्या दाराला कुलूप होतं. मूठ आली. या वेळी पुरती आली, कानांत सूं सूं व्हायला लागलं, आणि मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले, कठड्याचा गज दोन्ही हातांनी धरून. खाली बघितलं आणि मला मीच दिसले. कशी पडेन ते. उजवी सपाता आधी सुटेल, गुडघा तिसऱ्या पायरीवर, हात कठड्याला धरायला जाईल आणि चुकेल, खांदा पुठ्ठ्याच्या खिडकीखालच्या भिंतीवर. अगदी व्यवस्थित दिसलं. चांगलं काम होतं.

तिथेच बसून राहता आलं असतं. संध्याकाळी ताई आली असती, मला पायरीवर बघितलं असतं, पिशवी टाकून धावली असती, दार उघडून आत नेलं असतं, आलं घालून चहा केला असता, ओरडलीसुद्धा नसती. आणि उद्या, शुक्रवारी, मालकांना फोन करून सांगितलं असतं की नाही जमत. बहुतेक हा शब्द आता तिने काढून टाकला असता. मला तिचे ते हवेतले हात आठवले, काउंटर उजव्या भिंतीला नेणारे. दुसरी किल्ली दुकानात तिच्या पर्समध्ये होती आणि दुकान होतं रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला, दोन वळणं घेऊन, माणसांमधून. मी त्या अबोल माणसाचा विचार केला, उठण्याचं काम करणारा. तो कुठून सुरुवात करत असेल? गुडघ्यापासून की हातापासून? एकदा तरी त्याच्या टेबलापाशी जाऊन बघायला हवं होतं. मी गज धरला, आधी एक पाय घट्ट रोवला, मग ढुंगण उचललं, मग दुसरा पाय, आणि उभी राहिले. दिसायला फार चांगलं दिसलं नसणार. सपाता काढून हातात घेतल्या आणि अनवाणी एक पायरी उतरले. फरशी गार होती, खरखरीत होती, आणि पाऊल टेकेपर्यंत ती तिथे असेल याची मला खात्री वाटत नव्हती. प्रत्येक पायरीला वाटत नव्हती. पुठ्ठ्याच्या खिडकीपाशी थांबले, श्वास मोजायचा नाही असं स्वतःला बजावलं, पुन्हा उतरले. दुसरा मजला गेला. कुणाचा तरी रेडिओ बोलत होता. अंगाचा घाम मानेवरून खाली चालला होता आणि मी कठड्याच्या उडालेल्या रंगावरून हात सोडत नव्हते.

पहिल्या मजल्याच्या वळणावर ताई भेटली. ती धावत वर येत होती, दुकानातला पांढरा कोट अंगावर तसाच, धाप लागलेली. फोन केला असेल, मी उचलला नसेल, परत केला असेल. मला बघून ती जागीच थांबली. माझे अनवाणी पाय, हातातल्या सपाता, चेहरा, सगळं तिच्या डोळ्यांनी एका दमात वाचलं. तिचा हात पर्सकडे गेला, किल्ल्या खळखळल्या, आणि तोंड उघडलं. आता ती म्हणणार, अगं चिमणे, हे काय, चल वर, मी आहे ना. मला ते शब्द इतके हवे होते की माझे पाय वर वळायला तयार झाले.  पण मी तिच्याकडे बघत एक पायरी उतरले. ताईने माझ्या पायाकडे पाहिलं. मग तिने तोंड मिटलं. किल्ल्या मुठीत गच्च धरल्या, आवाज होऊ नये म्हणून, आणि भिंतीला पाठ लावून बाजूला झाली. मी तिच्या इतक्या जवळून गेले की तिच्या कोटाला येणारा काचा पुसायच्या द्रावाचा वास आला. तिच्या गळ्यातली शीर उडत होती. डोळे भरले होते. पण ती गप्प होती.

खाली इमारतीचं मोठं दार होतं, काचेचं, त्यापलीकडे रस्ता. माणसं ये-जा करत होती, आणि पडत होती, आणि चालत होती. एक बाई छत्रीची मूठ दुरुस्त करत उभी होती. माझ्या छातीतली मूठ गेली नव्हती, ती तशीच होती, मी तिला घेऊनच खाली आले होते. दाराच्या दांड्याला हात घातला आणि ढकललं. दार हललं नाही. पुन्हा ढकललं, खांदा लावून, तरी नाही. मागे जिन्यावर ताई उभी होती. रोज येताजाता हे दार उघडणारी ताई, परक्या माणसाला डावी-उजवी सांगितल्याशिवाय जिला राहवत नाही ती ताई. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी तिसऱ्यांदा ढकललं. माझ्या पाठीला तिची नजर कळत होती, आणि तिच्या ओठांवर आलेला तो एक शब्दही कळत होता, पण तो आला नाही. मी हात काढला, दांड्याकडे नीट पाहिलं, आणि ओढलं.